कालव्यावरची नाव आणि तिची शिस्त

इंग्लंड-वेल्समधल्या कालव्यांवर सुट्टीसाठी भाड्याने मिळणारी नॅरोबोट जेमतेम ७ फूट रुंद असते. लांबी मात्र ७० फुटांपर्यंत जाते. एकेकाळी घोड्यांनी ओढलेल्या अशाच नावांतून कोळशाची वाहतूक होई. अरुंद जलपाशांत, म्हणजे नावेला वरच्या-खालच्या पातळीवर नेणाऱ्या लॉकमध्ये, मावण्यासाठी ही रुंदी ठरली. भाड्याची नाव चालवायला परवाना लागत नाही. नाव ताब्यात देताना तिचा मालक जुजबी माहिती देतो. रॉयल यॉटिंग असोसिएशनच्या सुकाणू-प्रशिक्षणात एक-दोन दिवस घालवणे त्याहून कितीतरी चांगले.

सुकाणूचा दांडा मागच्या टोकाला असतो. तो डावीकडे ढकलला की नाव उजवीकडे वळते. ती साधारण मध्याभोवती फिरत असल्याने पुढचे टोक एका बाजूला वळले की मागचे दुसऱ्या बाजूला सरकते, आणि नवख्यांचे धक्के बहुधा तिथेच बसतात. नावेला ब्रेक नाही. थांबण्यासाठी पंखा उलटा फिरवावा लागतो, पण त्या वेळी सुकाणू जवळजवळ निकामी होते, कारण पंख्याने मागे लोटलेले पाणी सुकाणूवर आदळते तेव्हाच ते नीट काम करते. म्हणून नाव आधी सरळ करावी, मग थांबवावी.

कालव्यांवर वेगमर्यादा ताशी ४ मैल, म्हणजे सुमारे साडेसहा किलोमीटर आहे. समोरून नाव आली तर आपण उजवीकडून जायचे. काठाला बांधलेल्या नावांजवळून याहूनही सावकाश जावे. नाही तर हललेल्या पाण्याच्या ओढीने त्यांचे दोर ताणले जातात, खुंटे उपटले जातात. मागे काठावर लाट फुटत असेल तर वेग जास्त आहे, हे निश्चित.

खरी कसोटी लॉकमध्ये लागते. वरच्या दरवाजाशी पाण्याखाली एक दगडी उंबरा असतो. खाली उतरताना नावेचे मागचे टोक त्यावर अडकले, तर पुढचा भाग पाण्यात जाऊन नाव काही मिनिटांत बुडू शकते. नाव काठावरच्या खुणेच्या पुढेच ठेवावी आणि पाणी सोडणाऱ्या झडपांपाशी सावध माणूस असावा. गडबड दिसताच त्याने त्या बंद कराव्यात.

एका अरुंद लॉकच्या वापरात सुमारे १ लाख लिटर पाणी खाली जाते. म्हणून लॉक समोरून येणाऱ्या नावेच्या पातळीला तयार असेल तर तिला आधी जाऊ द्यायचे. या साध्या सौजन्यावर कालव्यातले पाणी टिकते.

मुक्कामाच्या ठिकाणी रात्री ८ ते सकाळी ८ इंजिन बंद ठेवावे. नदीत मात्र प्रवाह असतो, तिथे नावेचे तोंड प्रवाहाविरुद्ध ठेवूनच काठाला लागावे. थेम्सला पाण्याची ओढ वाढली की लॉकवर लाल फलक लागतात. ते दिसल्यावर सुट्टीचा एखादा दिवस वाया गेला तरी चालेल. नाव काठालाच बांधून ठेवावी.