भाडेकरू, घरमालक आणि ऋणको

सुरत शहराच्या आग्नेय भागातील डिंडोली ही वस्ती गुजरातेत असली, तरी तेथील गल्ल्यांतून मराठी आणि अहिराणी सर्रास कानी पडतात. धुळे, जळगाव, नंदुरबार या जिल्ह्यांतून ताप्ती खोऱ्याच्या रेल्वेने निघालेला माणूस उधन्याला उतरतो, यंत्रमागावर काम धरतो आणि पहिली खोली भाड्याने घेतो. काही वर्षांनी कर्ज काढून तो घरमालक होतो. आणि माग बंद पडून हप्ते थकले, म्हणजे तोच मनुष्य घर वाचवू पाहणारा ऋणको ठरतो. घरांच्या प्रश्नावरील सरकारी उपाय समजून घ्यावयाचे, तर या तीन अवस्थांचा क्रमाने विचार केला पाहिजे.

पहिली अवस्था भाडेकरूची. मुंबई इलाख्यात भाडेवाढीस आळा घालणारा कायदा १९१८ सालीच झाला होता. त्यानंतर १९४७ चा भाडे नियंत्रण कायदा आला. सुरत तेव्हा मुंबई प्रांतात होती. १९६० मध्ये गुजरात राज्य वेगळे झाल्यावरही तो तेथे चालू राहिला. या कायद्याने प्रमाण भाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीशी बांधले. त्यामुळे अनेकांचे छप्पर वाचले. परंतु भाडे गोठले, घरांची डागडुजी थांबली आणि भाड्याने देण्यासाठी नवे घर बांधणे तोट्याचे झाले. महाराष्ट्रातील अशी गोठलेली भाडी अवाजवी ठरल्याचा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९७ मध्ये दिला. त्यानंतर महाराष्ट्राने १९९९ चा नवा कायदा केला आणि भाडेकराराच्या नोंदणीची जबाबदारी मालकावर टाकली. नोंदणी न केल्यास, विरुद्ध पुरावा येईपर्यंत, भाडेकरू सांगेल त्याच अटी खऱ्या धरल्या जातात. केंद्र सरकारने २०२१ मध्ये आदर्श भाडेकरार कायदा मांडून राहत्या घराची अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापुरती मर्यादित ठेवण्याचे सुचवले. तथापि हा केवळ नमुना होय; तो स्वीकारणे राज्यांच्या इच्छेवर आहे.

दुसरी अवस्था घर घेण्याची. सुरत महापालिकेच्या हद्दीत २००१ साली सुमारे २४ लाख लोक होते. हद्दवाढीनंतर, २०११ मध्ये, ते ४४ लाखांवर गेले. एवढ्या लोकसंख्येला पुरतील इतकी घरे कोणतेही सरकार एकट्याने बांधू शकत नाही. म्हणून २०१५ च्या प्रधानमंत्री आवास योजनेत कर्जाच्या व्याजावर अनुदान देण्याचा मार्ग निघाला. मार्च २०२२ पर्यंत चाललेल्या त्या सवलतीत दुर्बल व अल्प उत्पन्न गटांना ६ लाख रुपयांपर्यंतच्या कर्जावर साडेसहा टक्के अनुदान मिळे. २०२४ मध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या टप्प्यात पहिल्या ८ लाखांवर चार टक्के, एकूण १ लाख ८० हजारांपर्यंत, अशी तरतूद आहे. भाड्याच्या घरांकडे मात्र त्या मानाने थोडेच लक्ष गेले. २०२० च्या योजनेत रिकामी पडलेली सरकारी घरे कामगारांना भाड्याने द्यावयाची होती. तीत सुरतेतील ३९३ घरे आली. सारांश, सरकारी धोरणाचा ओढा भाडेकरूला कर्जदार करण्याकडे राहिला.

तिसरी अवस्था सर्वांत बिकट. हप्ता नव्वद दिवसांहून अधिक थकला, की कर्ज अनुत्पादक गणले जाते. मग २००२ च्या सरफेसी कायद्यान्वये बँक साठ दिवसांची मागणी-नोटीस काढते. कर्जदाराने लेखी हरकत घेतली, तर पंधरा दिवसांत सकारण उत्तर देणे बँकेला बंधनकारक आहे. साठ दिवस उलटूनही रक्कम न भरल्यास बँक न्यायालयात न जाता घराचा ताबा घेऊ शकते. त्यासाठी जिल्हा दंडाधिकाऱ्याचे साहाय्यही मिळते. ताब्याच्या कारवाईपासून पंचेचाळीस दिवसांत ऋणवसुली न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. दिवाणी न्यायालयाला या विषयात अधिकार नाही. तेथे दावा लावून बसणाऱ्याचे हे मोलाचे दिवस व्यर्थ जातात. लिलावाची जाहिरात प्रसिद्ध होण्यापूर्वी सर्व देणे खर्चासह चुकते केले, तर घर सुटते. म्हणून नोटीस न स्वीकारणे किंवा ती न वाचता कपाटात टाकणे हा सर्वांत महागडा भाबडेपणा होय.

कारखानेच बंद पडले, तेव्हा सरकारने काय केले? मार्च २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने हप्ते लांबणीवर टाकण्याची मुभा दिली. ती ३१ ऑगस्टपर्यंत चालली. त्या काळात व्याज चढतच राहिले. त्या व्याजावर पुन्हा व्याज घेऊ नये, असे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२१ मध्ये ठरवले. परंतु तो साथीच्या काळापुरता दिलासा होता. एरवी मजुरी तुटली, तर गृहकर्जाचा हप्ता काही महिने सांभाळून घेईल अशी कायमची सरकारी योजना नाही.

मुख्य उणीव येथेच आहे. घर मिळवताना सरकार अनुदान घेऊन उभे राहते. घर जाण्याची वेळ येते, तेव्हा कर्जदाराच्या हाती केवळ नोटिशीची मुदत उरते. यंत्रमागाचा धंदा तेजीमंदीचा असतो, हप्त्याची तारीख मात्र ठरलेली असते. या दोहोंमधील अंतर भरून काढणारी तरतूद होईपर्यंत डिंडोलीतील घरमालक आणि बेघर यांच्यामध्ये मंदीच्या काही महिन्यांचेच अंतर राहणार आहे.