सात फुटी माणूस आणि बाकीचे चौघे

८ एप्रिल २०२४. ॲरिझोनातल्या ग्लेंडेल शहरात अमेरिकेच्या कॉलेज बास्केटबॉलचा अंतिम सामना रंगला होता. पर्ड्यू विद्यापीठाचा सेंटर झॅक ईडी, ७ फूट ४ इंच उंचीचा कॅनेडियन तरुण, त्या रात्री एकट्याने ३७ गुण करून गेला. वर दहा रिबाउंडही घेतले. गुणांत त्याच्या जवळपासही दुसरा कोणी पोचला नाही. तरीही खेळ संपला तेव्हा फलकावर आकडे होते : कनेक्टिकट ७५, पर्ड्यू ६०.

साठातून सदतीस वजा केले की उरतात तेवीस. पर्ड्यूच्या बाकी सगळ्या खेळाडूंनी मिळून चाळीस मिनिटांत केलेले गुण एवढेच. तीन गुणांच्या फटक्यांत हा संघ त्या हंगामात देशातल्या आघाडीच्या संघांत होता. अंतिम सामन्यात त्याने असे जेमतेम सात फटके मारले आणि त्यातला एक बास्केटमध्ये गेला. कनेक्टिकटचे प्रशिक्षक डॅन हर्ली यांनी डावच तसा टाकला होता. ईडीवर एकच माणूस ठेवायचा, त्याला काय गुण करायचे ते करू द्यायचे. पण बाहेर उभ्या असलेल्या नेमबाजांना मोकळा श्वास घेऊ द्यायचा नाही.

कॉलेज संघाला जिंकायला अजस्र ‘बिग मॅन’ किती लागतो, हा अमेरिकेतल्या बास्केटबॉलवेड्यांचा जुना वाद आहे. ग्लेंडेलच्या त्या रात्रीने दोन्ही बाजूंना पुरावा दिला. ईडी नसता तर पर्ड्यू १९६९नंतर पहिल्यांदा अंतिम फेरीत पोचताच ना. आणि ईडी असूनही शेवटी चषक दुसऱ्यांनीच नेला.

मुळात उंचीचं एवढं अप्रूप का? बास्केटची कडी जमिनीपासून दहा फुटांवर असते. सात फुटी माणसाने हात वर केला की त्याची बोटं कडीच्या आसपासच पोचतात. त्यामुळे तो तीन कामं इतरांपेक्षा सोपी करून टाकतो. अगदी जवळून बास्केट करतो. हुकलेला चेंडू, म्हणजे रिबाउंड, गर्दीतून वरच्यावर उचलतो. आणि बचावात कडीखाली नुसता उभा राहिला, तरी समोरचा गार्ड, म्हणजे चेंडू घेऊन येणारा खेळाडू, आत घुसण्याआधी दोनदा विचार करतो. हा तिसरा फायदा गुणपत्रिकेत दिसत नाही, कारण न मारलेल्या फटक्यांची नोंद कोणी ठेवत नाही.

कॉलेजच्या नियमांनी या तिसऱ्या कामाला आणखी मोकळीक दिली आहे. व्यावसायिक एनबीएमध्ये बचाव करणाऱ्या खेळाडूला कोणालाही न अडवता कडीपुढच्या पट्ट्यात तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबता येत नाही. कॉलेजमध्ये बचावाला असं बंधन नाही. धिप्पाड सेंटर तिथे सामनाभर तळ ठोकून बसू शकतो. एनबीएत जो संथ वाटेल, तो कॉलेजात बुरूज ठरतो, तो यामुळेच.

या बुरुजांची धास्ती नियम करणाऱ्यांनी फार पूर्वीच घेतली. १९४०च्या दशकात ओक्लाहोमा ए अँड एमचा सात फुटी बॉब कर्लंड आणि डीपॉलचा ६ फूट १० इंचांचा जॉर्ज मायकन कडीपाशी उभे राहून बास्केटमध्ये पडू पाहणारा चेंडू हवेतच टोलवून देत. नेम अचूक असून उपयोग काय! १९४४मध्ये खाली येणाऱ्या चेंडूला असा हात लावण्यावर बंदी आली. कर्लंड आता थंडावेल अशी अटकळ होती. त्याच्या संघाने १९४५ आणि १९४६, अशी लागोपाठ दोन विजेतेपदं पटकावली.

मग बिल रसेल आला. सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठाने त्याच्या जोरावर १९५५ आणि १९५६ची विजेतेपदं जिंकली. रसेल मोठा नेमबाज नव्हता. प्रतिस्पर्ध्याचा फटका अडवून तो चेंडू आपल्याच साथीदाराकडे कसा जाईल, हे त्याला कळत होतं. त्याच दशकात कडीपुढचा पट्टा सहा फुटांवरून बारा फूट रुंद करण्यात आला, म्हणजे उंच माणसांना कडीपासून जरा लांब ठाण मांडावं लागेल. पुढे यूसीएलएचा लू अल्सिंडर, जो नंतर करीम अब्दुल-जब्बार म्हणून जगाला माहीत झाला, १९६७मध्ये पहिल्याच हंगामात विजेता ठरला, तेव्हा डंक मारण्यावरच, म्हणजे चेंडू वरून कडीत कोंबण्यावरच, बंदी घातली गेली. ती जवळजवळ दहा वर्षं टिकली. अल्सिंडरने मात्र १९६८ आणि १९६९ची विजेतेपदंही जिंकली. तीन हंगामांत त्याच्या संघाचे विजय ८८ आणि पराभव फक्त दोन.

इथवर वाचलं, तर उंच माणूस आणा आणि चषक घ्या, असंच वाटेल. पण याच यूसीएलएचा आधीचा इतिहास वेगळा आहे. जॉन वुडन यांच्या प्रशिक्षणाखाली या संघाने १९६४मध्ये पहिलं विजेतेपद मिळवलं ते एकही सामना न हरता, तीसच्या तीस जिंकून. त्या पाचांत ६ फूट ५ इंचांपेक्षा उंच कोणीच नव्हता. त्यांचं हत्यार होतं पूर्ण मैदानभर पसरलेला दबाव. प्रतिस्पर्ध्याला चेंडू पलीकडे नेतानाच घाम फुटायचा. त्याचा उंच सेंटर दुसऱ्या टोकाला कडीखाली चेंडूची वाट पाहत राहायचा.

उंच माणसाची खरी अडचण इथेच आहे. तो चेंडू स्वतः आणत नाही. कोणीतरी तो त्याच्या हातात, योग्य जागी, योग्य क्षणी द्यावा लागतो. १९७३च्या अंतिम सामन्यात यूसीएलएच्या बिल वॉल्टनने २२पैकी २१ फटके बास्केटमध्ये घातले आणि ४४ गुण केले. हा पराक्रम आजही सांगितला जातो. त्याच सामन्यात ग्रेग ली नावाच्या गार्डने १४ वेळा अचूक पास देऊन बास्केट घडवली, हे मात्र कमी जणांना आठवतं.

उलट उदाहरणंही कमी नाहीत. १९५७मध्ये कॅन्ससच्या ७ फूट १ इंचाच्या विल्ट चेंबरलेनसमोर उभा होता नॉर्थ कॅरोलायनाचा संघ. सामन्याच्या सुरुवातीच्या उडीला प्रशिक्षक फ्रँक मॅग्वायर यांनी मुद्दाम ५ फूट ११ इंचांचा टॉमी कर्न्स पाठवला. ती उडी जिंकण्यासाठी नव्हतीच. चेंबरलेनला गोंधळात टाकण्यासाठी होती. सामनाभर दोन-तीन जण त्याच्याभोवती घोटाळत राहिले. तीन जादा डावांनंतर नॉर्थ कॅरोलायना ५४-५३ अशी एका गुणाने जिंकली. स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू म्हणून निवड झाली ती चेंबरलेनचीच, पण चषकाविना.

व्हर्जिनियाचा राल्फ सॅम्पसनही ईडीएवढाच, ७ फूट ४ इंच. तीन वेळा देशातला सर्वोत्तम कॉलेज खेळाडू ठरलेला. चार वर्षांत राष्ट्रीय विजेतेपद एकही नाही. डिसेंबर १९८२मध्ये देशात पहिल्या क्रमांकावर असलेला त्याचा संघ हवाईत शॅमिनाड नावाच्या चिमुकल्या कॉलेजकडून ७७-७२ असा हरला. ह्यूस्टनचा हकीम ओलाजुवॉन १९८३ आणि १९८४ अशा दोन अंतिम सामन्यांत खेळला, दोन्ही हरला. लुइझियाना स्टेटचा शकील ओनील तर तीन हंगामांत राष्ट्रीय स्पर्धेच्या शेवटच्या सोळा संघांतही पोचला नाही. टिम डंकन चार वर्षं वेक फॉरेस्टकडून खेळला आणि शेवटच्या चारांत कधीच गेला नाही. यातल्या प्रत्येकाचं नाव आज बास्केटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये आहे.

राष्ट्रीय स्पर्धेची रचनाही एकाच उंच माणसावर विसंबलेल्या संघांच्या मुळावर येते. ‘मार्च मॅडनेस’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या स्पर्धेत ६८ संघ असतात आणि हरला तो घरी गेला. विजेतेपदासाठी बहुतेक संघांना ओळीने सहा सामने जिंकावे लागतात. कॉलेजमध्ये पाच फाउल झाले की खेळाडू बाहेर जातो. ज्याच्यावर सगळा संघ उभा आहे, त्या सेंटरला पहिल्या दहा मिनिटांत दोन फाउल लागले तर प्रशिक्षकाची झोप उडते. एका माणसाचा एक वाईट दिवस पुरतो.

पर्ड्यूने तो दिवस २०२३मध्येच पाहिला होता. पहिल्या फेरीत त्यांच्यापुढे होता फेअरली डिकिन्सन, न्यू जर्सीतला संघ. प्रथम श्रेणीतल्या ३६३ संघांत सरासरी उंचीने हा सर्वांत ठेंगणा. त्याचा एक प्रमुख गार्ड फक्त ५ फूट ८ इंचांचा. ईडीच्या पुढे एक आणि मागे एक अशी माणसं लावून त्यांनी त्याच्यापर्यंत चेंडू सहजासहजी पोचू दिला नाही. मोकळ्या सुटलेल्या पर्ड्यूच्या नेमबाजांनी तीन गुणांचे २६ फटके मारले, गेले पाच. सोळाव्या मानांकनाच्या फेअरली डिकिन्सनने अव्वल मानांकित पर्ड्यूला ६३-५८ असं घरी पाठवलं. पुरुषांच्या स्पर्धेत असं त्याआधी फक्त एकदाच घडलं होतं.

दोन पराभव एकमेकांशेजारी ठेवले तर गंमत लक्षात येते. एकदा प्रतिस्पर्ध्याने ईडीला घेरलं आणि नेमबाजांना सोडलं. दुसऱ्यांदा ईडीला सोडलं आणि नेमबाजांना घेरलं. दोन्ही वेळा पर्ड्यू हरली, कारण दोन्ही वेळा बाकीच्या चौघांना उत्तर सापडलं नाही.

या गणितात सगळ्यात मोठी उलथापालथ केली ती १९८६-८७च्या हंगामात आखलेल्या तीन गुणांच्या रेषेने. कडीजवळून शंभरातले साठ फटके गेले तर १२० गुण होतात. रेषेबाहेरून शंभरातले चाळीसच गेले, तरीही १२०च. उंच माणसाला कडीखाली जी सवलत निसर्गाने दिली होती, ती सरावाने मिळवण्याची वाट इतरांना मोकळी झाली. २०१८च्या उपांत्य सामन्यात व्हिलानोव्हाने कॅन्ससविरुद्ध तीन गुणांचे १८ फटके बास्केटमध्ये घातले. कॅन्ससकडे सात फुटी उडोका अझुबुइके होता. त्याला कडीखाली उभं राहून वरून जाणारे चेंडू पाहावे लागले. व्हिलानोव्हाचा स्वतःचा सेंटर ओमारी स्पेलमन ६ फूट ९ इंचांचा, आणि तोही लांबून नेम धरणारा. त्या वर्षीचं विजेतेपद व्हिलानोव्हाचंच. २०२१मध्ये बेलरने तोवर अपराजित असलेल्या गोंझागाला अंतिम सामन्यात ८६-७० असं नमवलं, तेही मुख्यतः जॅरेड बटलर आणि डेव्हियन मिचेल या गार्डच्या बळावर.

मग उंच माणूस संपला का? तसं म्हणणाऱ्यांनी २०१२चा अंतिम सामना पाहावा. केंटकीच्या ६ फूट १० इंचांच्या अँथनी डेव्हिसने त्यात दहापैकी फक्त एक फटका यशस्वी केला. एकूण गुण सहा. पण त्याने १६ रिबाउंड घेतले आणि कॅन्ससचे सहा फटके अडवले. केंटकी ६७-५९ने जिंकली आणि अंतिम टप्प्यातला सर्वोत्तम खेळाडू ठरला डेव्हिसच. शाळेत असताना तो ठेंगणा गार्ड होता, मग झपाट्याने उंच झाला. चेंडू हाताळण्याची जुनी सवय मात्र राहिली.

महिलांच्या स्पर्धेतही हेच दिसलं. ईडीच्या पराभवाच्या आदल्याच दिवशी, ७ एप्रिल २०२४ला, क्लीव्हलंडमध्ये साउथ कॅरोलायनाने केटलिन क्लार्कच्या आयोवाला ८७-७५ असं हरवलं. लांब पल्ल्याची जगप्रसिद्ध नेमबाज एका बाजूला, तर ६ फूट ७ इंचांची ब्राझीलची कामिला कार्दोसो दुसऱ्या बाजूला. कार्दोसोने १५ गुण आणि १७ रिबाउंड घेतले. पण संघात सर्वाधिक १९ गुण केले ते राखीव बाकावरून आलेल्या टेसा जॉन्सनने. कार्दोसोला एकटीने ओझं वाहावं लागलं नाही.

भारतीय वंशाच्या एका खेळाडूची गोष्टही यात बसते. टोरोंटोत पंजाबी आईवडिलांच्या घरी जन्मलेला ७ फूट ५ इंचांचा सिम भुल्लर न्यू मेक्सिको स्टेटकडून खेळला. २०१३ आणि २०१४ अशी दोन्ही वर्षं त्याने संघाला आपल्या विभागाची स्पर्धा जिंकून दिली आणि दोन्हीत सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळवला. राष्ट्रीय स्पर्धेत संघ दोन्ही वेळा पहिल्याच सामन्यात बाहेर पडला. विभागात त्याच्या तोडीचा उंच माणूस क्वचितच समोर यायचा. राष्ट्रीय पातळीवर उंचीला तोंड देण्याची तयारी करून संघ येतात.

एवढी उदाहरणं पाहिल्यावर निकाल असा द्यावा लागतो : कडी राखणारा, रिबाउंड घेणारा आणि फाउलपासून स्वतःला सांभाळणारा उंच माणूस कॉलेज संघाला हवाच. चाळीस गुणांचा वाघ मात्र तो असायलाच हवा असं नाही. असेल तर उत्तम, पण त्याला वेळेवर चेंडू पोचवणारा गार्ड आणि बाहेर किमान दोन भरवशाचे नेमबाज नसतील, तर तो संघाला स्पर्धेत खोलवर नेईल. शेवटची पायरी चढवेलच असं नाही.

ग्लेंडेलमध्ये ईडीला बराच वेळ एकट्याने तोंड देणारा कनेक्टिकटचा सेंटर होता ७ फूट २ इंचांचा डॉनोव्हन क्लिंगन. त्याचे त्या रात्रीचे गुण अकरा. जूनमध्ये एनबीएच्या संघांनी नवे खेळाडू निवडले, तेव्हा ३७ गुण करणाऱ्या ईडीला मेम्फिसने नवव्या क्रमांकावर घेतलं. क्लिंगनला त्याच्याही आधी, सातव्या क्रमांकावर पोर्टलंडने घेऊन टाकलं होतं.