त्रिकोणातून वर्तुळाकडे

बागलाण तालुक्यात मोसम नदीकाठी वसलेल्या नामपूरसारख्या गावातून दहावी उत्तीर्ण होऊन विज्ञानशाखेकडे वळणाऱ्या विद्यार्थ्यापुढे अकरावीच्या गणितात जी पहिली अडचण उभी राहते, ती आकडेमोडीची नसून संकल्पनेची असते. दहावीपर्यंत 'साइन' हे काटकोन त्रिकोणातील दोन बाजूंचे गुणोत्तर. सबब ३० अंशांचे साइन १/२ हे त्यास बिनतक्रार मान्य होते, परंतु १५० अंशांचेही १/२ च, असे सांगताच तो गोंधळतो, कारण तेवढा कोन काटकोन त्रिकोणात मावतच नाही. अशा वेळी सूत्रांची यादी देण्याची घाई न करता शिक्षकाने एक एकक त्रिज्येचे वर्तुळ काढावे, आणि रहाटावरील गाडगे जसे फिरता फिरता वर चढते व खाली उतरते, तसा परिघावरील बिंदू फिरवून, मध्यातील आडव्या अक्षापासून त्याची उंची म्हणजेच त्या कोनाचे साइन, हे दाखवावे. अक्षाखाली ती ऋण होते, हेही मग आपोआप उमगते. साइन हे कोनाचे फल आहे, ही कल्पना पक्की झाल्यावाचून पुढील सीमा व विकलन ही प्रकरणे निव्वळ पाठांतराची बाब ठरतात.

या विद्येचा वारसा आपल्या शेजारचाच आहे. चाळीसगावनजीक पाटण येथील शिलालेखात भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनार्थ त्यांचा नातू चंगदेव याने स्थापिलेल्या मठाचा उल्लेख आहे. आणि ज्येतील (साइनमधील) सूक्ष्म फरक कोटिज्येच्या (कोसाइनच्या) प्रमाणात असतो, हे तत्त्व आचार्यांनी ११५० मधील 'सिद्धान्तशिरोमणी'त ग्रहांच्या तात्कालिक गतीसाठी योजिले आहे. अकरावीचे आरंभीचे काही तास निर्धास्तपणे या वर्तुळास द्यावेत, अशी शिक्षकांस आग्रहाची विनंती आहे.