झिप (संचिका प्रारूप)

झिप हे अनेक संचिका एकाच संचिकेत बांधून त्यांचा आकार कमी करणारे संग्रह प्रारूप आहे. अमेरिकी प्रोग्रॅमर फिल कॅट्झ यांनी ते १९८९ मध्ये पीकेझिप या प्रोग्रॅमसाठी तयार केले व त्याचा तपशील सर्वांसाठी खुला ठेवला. त्यामुळे विंडोज, मॅकओएस, लिनक्स अशा भिन्न संचालन प्रणालींमध्ये संचिकांची ने-आण करण्यासाठी ते रूढ झाले.

रचना

संग्रहातील प्रत्येक संचिका स्वतंत्रपणे, बहुधा डिफ्लेट या पद्धतीने, संकुचित केली जाते. शेवटी सर्व संचिकांची सूची असते; त्यामुळे पूर्ण संग्रह न उलगडता हवी ती एकच संचिका काढता येते. प्रत्येक संचिकेची ३२ बिटांची सीआरसी तपासणी-संख्याही नोंदलेली असते. ने-आण करताना मजकूर बिघडल्यास ती जुळत नाही व बिघाड लक्षात येतो. मूळ प्रारूपातील ४ जीबीची आकारमर्यादा झिप६४ या विस्ताराने दूर केली.

नावांची अडचण

मूळ प्रारूपात संचिकांची नावे आयबीएमच्या ४३७ क्रमांकाच्या वर्णसंकेतानुसार नोंदवली जात. त्यात देवनागरी अक्षरे नाहीत. २००६ मध्ये तपशिलात यूटीएफ-८ दर्शवणाऱ्या बिटाची तरतूद झाली. हा बिट न लावणाऱ्या किंवा न वाचणाऱ्या साधनांमुळे मराठी नावांच्या जागी निरर्थक चिन्हे उमटू शकतात. संचिकांतील मजकूर मात्र शाबूत राहतो. याउलट, विंडोज नावांतील लहान व मोठी रोमन अक्षरे सहसा एकच मानते. त्यामुळे लिनक्सवर केवळ तेवढाच फरक असलेल्या दोन संचिका विंडोजवर एकाच फोल्डरमध्ये उलगडल्यास एक संचिका दुसरीवर लिहिली जाऊन मजकूर गमावण्याचा धोका असतो.