तडीपारी संपल्यावर

तडीपारीचा प्रस्ताव पोलीस ठाण्यातून निघून मंचरच्या प्रांत कार्यालयापर्यंत कसा जातो, ते गेल्या आठवड्यात पाहिले. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, 1951 प्रमाणे ही हद्दपारी जास्तीत जास्त दोन वर्षांची. आदेशाविरुद्ध 30 दिवसांत शासनाकडे अपील करता येते, हे अनेकांना मुदत उलटल्यावरच कळते. आता पुढचे. मुदत संपली, पोरगा गावी आला आणि त्याला मनापासून नीट राहायचे आहे. मग?

नारायणगावच्या टोमॅटो बाजारात क्रेट चढवायला किंवा कांदा काढायला गेला, तर त्याला कोणी कागद मागत नाही. कागद आडवा येतो चाकणला. तिथला ठेकेदार पोलिसांचा चारित्र्य पडताळणी दाखला मागतो. अर्जात रकाना असतो : गुन्हा दाखल आहे काय? पेन तिथेच थांबते. बरोबरचा मित्र म्हणतो, ‘नाही लिही रे, कोण बघतंय!’

हा सल्ला ऐकू नका. अवतार सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2016 साली सरकारी नोकरीबाबत स्पष्ट केले, की माहिती खरीच द्यायला हवी आणि दडवली तर नोकरी जाऊ शकते. कोवळ्या वयातल्या किरकोळ गुन्ह्याबाबत मात्र तारतम्य वापरायची मुभाही न्यायालयाने दिली. खरे लिहिल्याने नोकरी मिळेलच असे नाही, पण मिळाली तर ती उद्या या कारणाने जाणार नाही.

कायदाही माणसाला अगदीच वाऱ्यावर सोडत नाही. 1958 च्या परिवीक्षा कायद्याखाली चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडलेल्या माणसाला त्या दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागत नाही. गुन्ह्याच्या वेळी वय अठराच्या आत असेल, तर 2015 च्या बाल न्याय कायद्याचे संरक्षण याहून मोठे आहे. अपवाद फक्त सोळा ते अठरा वयातल्या, प्रौढ म्हणून खटला चाललेल्या मुलांचा.

‘असली माणसं सुधारत नाहीत’ असे पारावर सहज बोलले जाते. मला ते पटत नाही, कारण आटपाडीजवळचे स्वतंत्रपूर आपल्यासमोर आहे. औंध संस्थानाने 1939 साली मॉरिस फ्रिडमन या पोलिश अभियंत्याच्या कल्पनेतून तिथे गंभीर गुन्ह्यांतल्या कैद्यांची वसाहत उभारली. भिंत नाही, बेड्या नाहीत. कसायला जमीन आणि सोबत बायकामुले. शांतारामबापूंचा 1957 चा चित्रपट ‘दो आँखें बारह हाथ’ याच प्रयोगावरचा. त्या लोकांवर विश्वास आधी टाकला गेला, चांगुलपणाचा पुरावा मागून मिळाला. आपल्याकडचे बागायतदार, दूध डेअरीवाले, गॅरेजवाले एवढे तरी करू शकतात. त्याच्याबद्दल सगळे माहीत असताना माणसाला कामावर घ्यावे आणि गावात भांडण झाले की पहिले नाव त्याचेच घेऊ नये.

खटल्यातून निर्दोष सुटला असाल, तर निकालाची प्रमाणित प्रत काढून जपून ठेवा; पडताळणीच्या वेळी तीच पुढे करायची असते. कागद समजत नसतील, तर घोडेगाव किंवा जुन्नर न्यायालयातल्या तालुका विधी सेवा समितीकडे जा. महिलांना, अनुसूचित जातींना आणि आहुपे-भीमाशंकर पट्ट्यातल्या महादेव कोळी, ठाकर अशा अनुसूचित जमातींना तिथे उत्पन्नाची अट न लावता वकील मोफत मिळतो. जाताना तडीपारीचा आदेश, फिर्यादीची प्रत आणि जातीचा दाखला सोबत असू द्या.