सुटल्यानंतर कुठे?

आमच्या जिंतूर भागात गुढीपाडव्याला सालगडी ठरतात. शिक्षा भोगून आलेल्याला मात्र सहसा कोणी विचारत नाही, असे मी पाहतो. हाताला काम नाही, म्हणून तो पुन्हा वाकड्या वाटेला लागला, तर दोष त्याच्या एकट्याचा कसा?

या प्रश्नावर महाराष्ट्रात फार पूर्वी एक प्रयोग झाला. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३९ साली, आजच्या सांगली जिल्ह्यात, आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवले. कल्पना मॉरिस फ्रिडमन या पोलिश अभियंत्याची. तिथे तटाच्या भिंती नव्हत्या. निवडक कैदी बायकामुलांसह राहत आणि शेती करत. व्ही. शांताराम यांचा 'दो आँखें बारह हाथ' (१९५७) हा चित्रपट याच प्रयोगावरून सुचलेला.

यातले मर्म साधे आहे. कष्टाची आणि घरसंसाराची सवय सुटली नाही, तर माणसाला परतणे सोपे जाते. आपल्या मराठवाड्यातही पैठणला खुले कारागृह आहे, तिथले कैदी शेतात राबतात. पण तुरुंगाचे काम फाटकापाशी संपते. पुढचे काम गावाचे. येत्या पाडव्याला अशा माणसालाही विचारू या.