सागवान, खिळा आणि वाडिया घराणे

नागपूरहून समुद्र दूर आहे. पण आपल्या जुन्या घरांच्या दारांना व तुळयांना चंद्रपूर-आलापल्लीच्या जंगलातला साग सापडतो. याच जातीच्या लाकडाने मुंबईतील एका घराण्याला जहाजबांधणीत जगभर नाव मिळवून दिले.

लवजी नसरवानजी वाडिया हे पारशी सुतार १७३६ साली सुरतेहून मुंबईला आले. १७५० साली तेथे सुकी गोदी तयार झाली. सुकी गोदी म्हणजे दार असलेला दगडी हौद. भरतीला जहाज आत घ्यायचे, ओहोटीबरोबर पाणी उतरू द्यायचे आणि पुढची भरती येण्याआधी दार बंद करायचे. उरलेले पाणी उपसले, की जहाजाचा तळ दुरुस्तीसाठी मोकळा होतो.

इंग्लंडमध्ये जहाजे ओकच्या लाकडाची असत. ओकमध्ये टॅनिक आम्ल भरपूर असते. ते लोखंडी खिळ्यांना खाते. सागातील तेलकट द्रव्यांमुळे लाकूड सहसा कुजत नाही, वाळवीही त्याला कमी लागते. वाडियांना हा साग मलबारातून मिळे. जमशेटजी बमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली १८१७ साली मुंबईत पाण्यात उतरलेले 'ट्रिंकोमाली' हे ब्रिटिश आरमाराचे जहाज इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे आजही तरंगते आहे!

करून पाहा : कोऱ्या चहात घासून स्वच्छ केलेला लोखंडी खिळा रात्रभर ठेवा. सकाळी चहा काळसर दिसेल. चहातील टॅनिन आणि लोह यांच्या संयोगाचा हा रंग आहे.

पुढे वाफ आणि लोखंड आले. पिढ्यान्‌पिढ्या बापाकडून मुलाकडे आलेले लाकडाचे ज्ञान आता पुरेसे नव्हते. याच घराण्यातील अर्देशिर कर्सेटजी यांनी वाफेच्या यंत्रांचा ध्यास घेतला, १८३९ साली ते इंग्लंडला गेले. १८४१ साली रॉयल सोसायटीचे ते पहिले भारतीय सदस्य झाले. मुंबईतील लाकडी जहाजबांधणी मात्र ओसरत गेली.

हातातले कौशल्य मोठे खरे. पण त्यामागचे 'का' ठाऊक असेल, तर साहित्य बदलल्यावरही माणूस अडून राहत नाही. आपल्या गावातील एखाद्या सुताराला वर्गात बोलावून हा 'का' आपण मुलांना विचारायला लावू या.